सोमवारी बंद

ब्लाउजपीसच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्याच्या पाठीवर बेत लिहिला गेला
दुपारी सव्वादोन ते तीन, जेव्हा लक्ष्मी रोडवर
गिऱ्हाईक नसतं आणि शेठ जेवायला गेलेले असतात.
अक्षर माझं. घाई पुष्पलताची.
समुद्र रेहानासाठी,
जिनं बावीस वर्षं 'सी ग्रीन' म्हणत साड्या विकल्या
आणि समुद्र पाहिला तो बँकेच्या कॅलेंडरवर.

पहाटे सहा पाचची सिंहगड.
म्हणजे रेहाना कोंढव्याहून पाचला निघणार,
नवऱ्याला रिक्षा काढायला लावणार,
तो कुरकुरणार; त्याचीही दहा मिनिटं धरली.
दहाला व्हीटी. तिथून अपोलो बंदर.
चालत? नको, टॅक्सी तिघींत परवडते.
लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायचे पैसे जास्त,
त्यावर मतदान झालं. तीन विरुद्ध शून्य, वर.

दशम्या पुष्पलताच्या, शेंगदाण्याची चटणी माझी,
उकडलेली अंडी रेहानाकडे
आणि माकडांना हाकलायचं कामही तिच्याचकडे,
तिचा आवाज मोठा.
लाँचमध्ये मळमळतं म्हणून गोळी, सकाळीच.
लेण्यांत काय बघायचं ते कुणीच लिहिलं नाही.
शेवटची लाँच साडेपाच. खाली दोन रेघा.

गल्ल्यावरचे ठोंबरेकाका मूळचे श्रीवर्धनचे.
न विचारताच म्हणाले, भरती बघा आधी,
तिथीची पाऊणपट करायची,
आणि गल्ल्याच्याच कॅलक्युलेटरवर
सप्तमी गुणिले पाऊण: सव्वापाच.
"जाताना पाणी उतरलेलं, येताना चढलेलं. छान."
मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी पुठ्ठा जवळ धरला.
"सोमवार? अहो, घारापुरी सोमवारी बंद."

आमची सुट्टी सोमवारचीच.
इकडे अख्खा रस्ता मिटतो त्याच दिवशी
तिकडे बेट मिटतं,
जणू दोन्ही दुकानं एकाच शेठची.

मंगळवारी रजा? लग्नसराई आहे.
आषाढात सेल, आणि पावसात लाँच कुठली.
मग गौरी, मग दिवाळी, मग पुन्हा लग्नं;
बोटं मोजत आम्ही पुढच्या माघापर्यंत गेलो
आणि रिकाम्या परत आलो.

काका नोटा मोजत होते.
"बेटच पाहिजे ना? सारसबाग.
तिथं तळं होतं पूर्वी, मधोमध बेट, बेटावर गणपती.
पेशवे नावेतनं जायचे."
"आणि पाणी?" रेहानानं विचारलं.
"काढून टाकलं कधीच.
नाव तेवढं राहिलं. तळ्यातला."

सोमवारी अकराला गेटवर
मी, पुष्पलता, दशम्यांचा डबा.
रेहाना उशिरा आली, हातात अंडी, चाल वेगळीच.
"मी गोळी घेतली गं," म्हणाली.
"उठले, चहा घेतला,
आपण लिहिलं होतं ना, म्हणून घेतली."

तिला धरून हिरवळीवर नेलं,
जिथं कधीकाळी पुरुषभर पाणी असेल.
पर्स उशाला घेऊन ती आडवी झाली
आणि तळ्याच्या तळाशी गाढ झोपली.
वरून पोरं धावत गेली, एक फुगा गेला,
कुणाचा तरी भेळेचा कागद तरंगत गेला.
तिच्या चपला आम्ही आळीपाळीनं राखल्या.
अंडी सोलली. माकडं नव्हती.
पाणी कुठल्या रंगाचं असेल यावर आमचं जुंपलं;
पुष्पलता म्हणे सी ग्रीन, मी म्हणे शेवाळी,
आणि शेवाळी यंदा चालत नाही
हेही वर तिनंच ऐकवलं.

साडेपाचला रेहानाला हलवलं.
"लाँच?" डोळे न उघडता.
"लागलीये," मी म्हणाले. "वरच बसू."